लागलेला हात, लावलेला हात

मुंबईत हिंदमाताच्या एका कापडाच्या दुकानात माप घेणाऱ्या शिंप्याला सातेक वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, टेप लावायच्या आधी विचारा ना." शिंपी ओशाळला, आई त्याहून जास्त. "शाळेत शिकवतात हल्ली," तिनं सारवासारव केली. हे कोण शिकवतं ते बघायला मी तिची शाळा गाठली.

शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. चौथीचा वर्ग. खिडकी उघडली की आंबेडकर रोडचे हॉर्न आत, लावली की उकाडा. बाईंनी फळ्यावर एक मुलगा, एक मुलगी काढली आणि अवयवांची नावं घ्यायला सुरुवात केली. डोकं, खांदा, छाती, पोट. आणि आवाज जराही न बदलता त्याच्या खालचीही. वर्ग खिदळला. बाईंनी खिदळू दिलं. मग सगळ्यांकडून पुन्हा म्हणवून घेतलं. तिसऱ्या खेपेला मुलं पाढे म्हणावेत तशी म्हणत होती.

पुढचं ठरलेलं होतं: चांगला स्पर्श कुठला, वाईट कुठला; वाईट असेल तर नाही म्हणा, तिथून निघा, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा, मुलांच्या मदतवाहिनीचा 1098 पाठ करा.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, आम्ही सहा जण एका खोलीत झोपतो. कूस बदलली की काकाचा हात लागतो. तो कुठला स्पर्श?"

या वेळी कुणी हसलं नाही. अर्ध्याअधिक वर्गाचं घर तसंच असणार. बाईंनी खडू खाली ठेवला. "हात लागणं वेगळं आणि हात लावणं वेगळं, बाळा. लावलेला हात पुन्हा पुन्हा येतो. आणि वर म्हणतो, कुणाला सांगू नकोस. तसं कुणी म्हणालं की लगेच सांगायचं. काका असो, नाहीतर मी असो."

'नाहीतर मी असो' हे कुठल्या पुस्तिकेत असेल असं मला वाटत नाही.

मधल्या सुट्टीत बाई म्हणाल्या, "शंभरात त्रेपन्न." केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007चा अहवाल. तेरा राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून केलेला, त्यात महाराष्ट्रही होता. 53 टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं होतं. त्रास देणारे निम्मे ओळखीतले, विश्वासातले. आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच 2007 साली आपल्या राज्यानं शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद पाडलं! तसं नवल नाही म्हणा. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांना याच मुंबईत 1925 साली विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली होती.

"बदलापूरनंतर पालक स्वतःहून विचारतात," बाई म्हणाल्या. 2024च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शाळेतल्या चिमुरड्यांवर झालेला लैंगिक अत्याचार अजून कुणी विसरलेलं नाही. "पण पालकसभेला येतात त्या आयाच. बाप येत नाहीत, काका तर नाहीच नाही. शंभरात त्रेपन्न, आणि शिकवायचं फक्त पोरांना."

मला बाईंचंच पटतं. नऊ वर्षांच्या पोरानं ओळखायचं, नाही म्हणायचं, पळायचं आणि वर सांगायचंही. मोठ्यांनी मात्र 'शाळेत शिकवतात हल्ली' म्हणून मोकळं व्हायचं. वर्गात सांगायला शिकलेलं मूल घरी येऊन सांगतं तेव्हा 'गप्प बस, काका आहेत ते' हे उत्तर मिळणार असेल, तर बाईंचा तास फुकट गेला.

म्हणून पालकांसाठी एवढंच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणाऱ्या कुणालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत. कळवलं नाही म्हणून होणाऱ्या या शिक्षेतून कायद्यानं फक्त मुलांना वगळलं आहे.