‘थॉमस’ आणि ‘स्टेला’ची मैत्रीण

मुलांनो, क्रिकेटपटू आपल्या बॅटला जपतात हे तुम्हाला माहीत आहेच. पण बॅटचं बारसं केलेलं कधी ऐकलंय? स्कॉटलंडच्या डोरोथी कॅम्पबेलने मात्र आपल्या गोल्फच्या काठ्यांना चक्क नावं ठेवली होती. चेंडू जवळून उचलून टोलवायच्या वाकड्या मानेच्या काठीचं नाव ‘थॉमस’, आणि चेंडू हळूच होलमध्ये ढकलायच्या काठीचं, म्हणजे पटरचं नाव ‘स्टेला’!

डोरोथीचा जन्म 1883 सालचा. गाव नॉर्थ बर्विक, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं. समोर समुद्रात बास रॉक नावाचा उंच खडक, त्यावर हजारो पांढरे समुद्रपक्षी, आणि किनाऱ्यालगत गोल्फचं मैदान. आपल्याकडे गल्लीत विटीदांडू रंगावा तसा त्या गावात गोल्फ रंगायचा. मैदान मात्र वात्रट! एका ठिकाणी तर दगडी भिंत मध्येच आडवी येते, आणि चेंडू तिच्यावरून पलीकडे टाकावा लागतो. शिवाय समुद्रावरचा वारा.

आता या वाऱ्यात पायघोळ झगा आणि डोक्यावर टोपी घालून खेळायचं म्हणजे काय गंमत असेल, विचार करा. झगा उडून चेंडूच दिसेनासा व्हायचा, म्हणून बायका त्यावर रबरी पट्टा चढवायच्या. त्याआधीच्या काळात तर बायकांनी खांद्याच्या वर हात उचलून टोला मारणं शोभत नाही असंच लोक म्हणत. सेंट अँड्र्यूज गावात 1867 साली बायकांचा क्लब निघाला, पण तिथे चेंडू फक्त हळूच ढकलायचा! मोठ्या मैदानावर खऱ्याखुऱ्या टोल्यांनी खेळायची संधी डोरोथीच्या पिढीला मिळाली, आणि तिने तिचं सोनं केलं.

स्कॉटलंडची महिला अजिंक्यपद स्पर्धा 1903 साली सुरू झाली. 1905, 1906 आणि 1908 अशी तीन वेळा ती डोरोथीने जिंकली. यातला 1905 चा विजय घरच्याच मैदानावरचा. या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या. हौशी म्हणजे कच्चे नव्हेत हं! पैशासाठी न खेळणारे. करंडक मिळायचा, टाळ्या मिळायच्या, पैसे नाहीत.

मग आलं 1909 साल. डोरोथीने ब्रिटनची स्पर्धा जिंकली, बोटीने अटलांटिक महासागर ओलांडला आणि अमेरिकेचीही जिंकली. एकाच वर्षात दोन्ही देशांच्या स्पर्धा जिंकणारी ती पहिली महिला. पुढच्या वर्षी पुन्हा अमेरिका. 1911 मध्ये पुन्हा ब्रिटन. आणि 1910, 1911, 1912 अशी लागोपाठ तीन वर्षं कॅनडा. तोवर ती कॅनडात राहायला गेली होती, पुढे लग्न होऊन अमेरिकेत स्थायिक झाली. ती आता मिसेस हर्ड झाली.

इथपर्यंतची गोष्ट यशाची. मला खरी आवडते ती यापुढची.

वर्षं गेली. नव्या तरुण मुली आल्या. त्यांचे टोले लांब जात. डोरोथी मात्र बॅट धरावी तशी सगळ्या बोटांनी काठी आवळून धरायची, जुन्या पद्धतीने. नव्या पद्धतीत उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटावर टेकवायची, म्हणजे दोन्ही हात एक होऊन चालतात. ऐकायला सोपं वाटतं ना? मग उद्या पेन निराळ्या बोटांत धरून शुद्धलेखनाचं एक पान लिहून पाहा! चाळिशीच्या आसपास, इतकी पदकं मिळवल्यावर, डोरोथीने लहानपणापासूनची पकड मोडली आणि नवी शिकली. (पालकांनो, हे वाक्य तुमच्यासाठीही आहे.)

1924 साली अमेरिकेची स्पर्धा ऱ्होड आयलंडला होती. सगळ्यांचं लक्ष एकवीस वर्षांच्या ग्लेना कॉलेटकडे. मैदान तिच्या घराजवळचं, आणि त्या वर्षभरात तिला कुणी हरवलेलं नव्हतं. पण उपांत्य सामन्यात मेरी ब्राऊनने मारलेला चेंडू ग्लेनाच्याच चेंडूवर आपटला आणि तिथून होलमध्ये गेला! ग्लेना बाद. ही मेरी मूळची टेनिसपटू, टेनिसमध्येही अमेरिकेची विजेती.

अंतिम सामन्यात मेरीसमोर एकेचाळीस वर्षांची डोरोथी. निकाल लागला ‘सात आणि सहा’. म्हणजे काय? गोल्फच्या या प्रकारात प्रत्येक होल कोण जिंकतं ते मोजतात. सहा होल शिल्लक असताना डोरोथी सात होलांनी पुढे होती. उरलेले सगळे हरली असती तरी तीच जिंकणार, म्हणून खेळ तिथेच थांबला. अमेरिकेत आधीच्या विजयानंतर तब्बल चौदा वर्षांनी ती पुन्हा विजेती झाली. त्या स्पर्धेतली सर्वांत वयस्क विजेती म्हणून तिचंच नाव सांगतात.

दोन वर्षांनी ऑगस्टा इथे अठरा होलांच्या फेरीत तिने पटरचे फक्त एकोणीस फटके वापरले. चांगल्या खेळाडूलाही तीसेक लागतात. थॉमसने चेंडू होलच्या अगदी जवळ नेऊन ठेवायचा आणि स्टेलाने आत सोडायचा, असा तो कारभार.

1938 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, तिने अमेरिकेतली ज्येष्ठ महिलांची स्पर्धा जिंकली. 1945 साली रेल्वेच्या अपघातात ती गेली.

नॉर्थ बर्विकचं ते मैदान अजून आहे, भिंतही आहे. त्याच गावच्या कॅट्रिओना मॅथ्यूनेही स्कॉटलंडची हौशी स्पर्धा तीनदा जिंकली, आणि 2009 साली ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हा तिची धाकटी मुलगी अवघी अकरा आठवड्यांची होती.