असं का होतं? : ग्रोलरमधली बिअर मुरत का नाही?

लोणचं मुरतं, कारण वरचा तेलाचा थर हवा अडवतो. ग्रोलरला, म्हणजे पुन्हा भरता येणाऱ्या काचेच्या जगाला, असं कवच नसतं. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलॅली’ ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. जागेवरच बिअर बनवणाऱ्या अशा ठिकाणी नळाखाली जग भरताना बिअर फेसाळते. दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो, ऑक्सिजन आत शिरतो. काही दिवसांत बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. उजेडानं हॉप्समधले घटक तुटून उग्र दर्प सुटतो, म्हणून काच गडद तपकिरी असते. विदर्भातल्या तिवशात मे महिन्याच्या उकाड्यात तर बिघाड आणखी झपाट्यानं होतो. म्हणून ग्रोलर मानेपर्यंत भरून घ्यावा, फ्रिजमध्ये उभा ठेवावा आणि झाकण उघडलं की त्याच दिवशी संपवावा.