भट्टीवरचा हिशेब

सकाळी ८.३० : पनवेल डेपोतून धोदाणीची एसटी. नेरे मागे पडलं की रेंज तुटायला लागते, म्हणून दीक्षा अ‍ॅपवरचा धडा आदल्या रात्री घरीच उतरवून ठेवते. माथेरानच्या पायथ्याच्या आमच्या वाडीत त्याशिवाय काही चालत नाही.

१०.३० : परिपाठ, हजेरी. दिवाळी झाली की पटावर नावं राहतात, मुलं आईबापांमागे वीटभट्टीवर जातात. कातकरी घरांनी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतणं नाही.

११.०० : विज्ञान. पुस्तकातला क्यूआर कोड एका मुलीने स्वतः स्कॅन केला. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी हे कोड पुस्तकात आणले. २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यावर निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटली, हे मी पोरांना मुद्दाम सांगते. व्हिडिओ बी रुजण्याचा होता. तो मध्येच थांबवला आणि सगळ्यांना बांधावर नेलं. भातकापणीनंतरच्या ओलीवर वाल पेरलेला आहे. एक रोप हलकेच उपटलं, माती झटकली, तर मुळांवर बारीक गाठी! "बाई, रोग झाला का याला?" रोग नव्हे. त्या गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात, म्हणून वालामागून भाताला जमीन चांगली मिळते. व्हिडिओत गाठी नव्हत्याच. तो पाहिला नसता तर उपटलेल्या रोपाकडे पोरांनी इतकं निरखून पाहिलं असतं का, कोण जाणे.

१.३० : खिचडी.

२.१५ : रेकॉर्डिंग. कोरोनात सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' चांगली होती, पण टीव्हीला प्रश्न विचारता येत नव्हता. ती उणीव मला फार टोचली. आता वर्गातली मुलं धडा मोठ्याने वाचतात, पाढे म्हणतात, वालाच्या गाठी कशा दिसल्या ते सांगतात आणि ते आवाज मी संध्याकाळी भट्टीवरच्या मित्रांना धाडते. आज एकजण वाचताना अडखळला. पुसून टाकू म्हणाला. मी पुसू दिलं नाही. ऐकणाराही तिथेच अडखळणार आहे.

५.०० : परतीची एसटी. नेऱ्याला रेंज आली की निरोप जातात.

रात्री ८.४५ : भट्टीवरून बापाच्या फोनवरून उत्तर आलं. चौथीतला पोरगा. मागे कुत्री भुंकतायत, कुणीतरी ओरडतंय. "बाई, बाबाने अकराशे विटा पाडल्या. सव्वाशे मोडल्या. मुकादम सांगतो तेवढेच पैसे धरायचे का?"

उत्तर सांगितलं नाही. आधी मोडक्या वजा कर, मग हजाराच्या दरावरून एका विटेचे पैसे काढ, आणि जमलं की मला बोलून पाठव, एवढं सावकाश दोनदा सांगितलं. मजुरी हजारावर ठरते, त्यामुळे त्याला भागाकाराची आज खरी गरज आहे.

९.१५ : उद्याच्या टाचणात भागाकार घेतला आहे, याच अकराशे विटांचा. वर्गातल्यांनी सोडवून दाखवला की त्यांच्याच आवाजात त्याला पाठवायचा.