विश्लेषण : पथ्य पाळूनही कोलेस्टेरॉल का वाढते? कुटुंबातून येणारा ‘एफएच’ काय आहे?

वजन आटोक्यात, तळलेले बंद, रोजचे चालणेही सुरू. तरी रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९०च्या वर. असा रिपोर्ट आला की पथ्य आणखी कडक केले जाते. पण दोष ताटात नसून जनुकांत असू शकतो. या आजाराचे नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, अर्थात ‘एफएच’. साधारण २५० ते ३०० जणांमागे एकाला तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो.

नेमके काय बिघडते?
रक्तातील एलडीएल यकृत खेचून घेते. त्यासाठी यकृताच्या पेशींवर ‘रिसेप्टर’ असतात. एफएचमध्ये ते कमी असतात किंवा नीट काम करत नाहीत. हे कोडे उलगडणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल मिळाले.

हृदयाला धोका का?
इतरांचे कोलेस्टेरॉल वयानुसार वाढते. एफएचमध्ये ते जन्मापासूनच जास्त असते. त्यामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत लहानपणापासून थर साचू लागतो. उपचार न घेतल्यास सुमारे निम्म्या पुरुषांना पन्नाशीपर्यंत, तर ३० टक्के महिलांना साठीपर्यंत हृदयविकार गाठतो.

शंका कधी घ्यावी?
- घरात पुरुषाला ५५ किंवा महिलेला ६० वर्षांआधी हार्ट अटॅक आला असेल
- टाचेमागे किंवा बोटांच्या सांध्यांवर जाडसर गाठी असतील
- पंचेचाळिशीआधीच बुबुळाभोवती पांढरट कडा दिसत असेल

अर्थात थायरॉईड किंवा मूत्रपिंडाच्या आजारानेही एलडीएल वाढते. त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करावे.

मुलांचे काय?
आई किंवा वडिलांपैकी एकाला एफएच असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास आजार तीव्र होतो. अशा मुलांना किशोरवयातही हार्ट अटॅक येऊ शकतो. म्हणून एकाचे निदान झाले की भावंडे आणि मुलांचीही लिपिड प्रोफाइल तपासणी करायला हवी. मुले सडपातळ असली तरीही.

उपचार आहेत का?
आहेत. पथ्य आणि व्यायाम हवेतच. पण तेवढ्याने भागत नाही. स्टॅटिनच्या गोळ्या हा मुख्य आधार. त्या मुलांनाही साधारण आठ ते दहा वर्षांपासून देता येतात. गरजेनुसार इझेटिमाइब किंवा पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शने जोडली जातात. गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांशी आधीच बोलावे.

‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आकडा गोळ्यांमुळे खाली आलेला असतो. जनुकातील दोष तसाच राहतो.