आधी परीक्षा, मग कुत्रा

जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात हौस आली म्हणून लगेच कुत्रा पाळता येत नाही. जुलै २०१३पासून तिथे नवख्या मालकाला कुत्रा आणण्यापूर्वी त्याचा स्वभाव, देहबोली आणि कायदा यांवर परीक्षा द्यावी लागते. वर्षाच्या आत प्रात्यक्षिक होते: समोरून सायकलवाला किंवा दुसरा कुत्रा आला तरी आपला कुत्रा ताब्यात राहतो का, हे परीक्षक पाहतात. कुत्रा सहा महिन्यांचा झाला की मायक्रोचिप, नोंदणी आणि विमा सक्तीचा.

आपल्याकडे अशी परीक्षा नाही. पण पाळीव प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाने कुणाच्या जिवाला धोका झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पिल्लू घरी आणण्याआधी आपण शिकून घ्या.