अवतरण वाक्यात मुरावे कसे?

साहित्यावर लिहिताना : लेखांक ७

निबंधासाठी कोणत्या ओळी निवडाव्यात, हे मागच्या लेखांकात पाहिले. आता त्या आपल्या वाक्यात आणायच्या आहेत. पुष्कळदा चांगल्या निबंधाची लय इथेच तुटते. लेखकाचे वाक्य संपते, अवतरणचिन्ह उघडते, चार ओळी येतात, चिन्ह मिटते आणि लेखक पुढच्या मुद्द्याकडे निघून जातो. ओळी पानावर उतरतात, पण त्यांच्याशी कोणी बोललेले नसते.

उदाहरणापुरत्या मीच रचलेल्या दोन ओळी घेऊ :

विहिरीवर रहाट आहे, दोर आहे, आई नाही
पाणी मात्र रोज तिच्याच आवाजात चढते

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत यावर साधारणपणे असे लिहिले जाते : ‘या कवितेत आईच्या विरहाचे दुःख व्यक्त झाले आहे. कवी म्हणतो,’ मग दोन्ही ओळी, आणि शेवटी, ‘यावरून कवीचे आईवरील प्रेम दिसून येते.’ यात चुकीचे काही नाही. पण आधीचे आणि नंतरचे वाक्य आईवरच्या कोणत्याही कवितेला चालेल. ओळी इथे नुसत्या साक्षीला उभ्या केल्या आहेत, त्यांना कोणी काही विचारलेच नाही.

आता हेच दुसऱ्या रीतीने लिहून पाहू : ‘रहाट “आहे”, दोर “आहे” या दोन होकारांमागोमाग “आई नाही” हे शब्द यादीतल्या तिसऱ्या नोंदीसारखे येतात. शोकाचा एकही शब्द न उच्चारता उणीव सांगून होते. दुसऱ्या ओळीतला “मात्र” त्या नकाराला अडवतो. आई नाही, तरी पाणी “तिच्याच आवाजात” चढते.’ कवितेचे मोजकेच शब्द घेतले, पण प्रत्येकाला काम मिळाले. मूळ ओळी समोर नसल्या, तरी वाचकाला कविता कुठे वळते ते कळते.

हे जमण्यासाठी मराठी वाक्याची घडण ध्यानात घ्यावी लागते. आपले क्रियापद शेवटी येते. ‘कवी’ लिहून पुढे चार ओळी दिल्या आणि मग ‘असे म्हणतो’ लिहिले, तर वाचक तेवढा वेळ क्रियापदाची वाट पाहत राहतो. म्हणून उतारा लांब असेल तर आपले वाक्य आधी पुरे करावे, अपूर्णविराम द्यावा आणि ओळी समासापासून थोड्या आत, स्वतंत्र मांडाव्यात. तशा मांडल्यावर अवतरणचिन्हांचीही गरज उरत नाही. दोन-चार शब्द असतील तर ते वाक्याच्या मधोमध सहज सामावतात.

दुसरी अडचण विभक्तीची. कवितेत ‘आवाजात’ आहे आणि आपल्या वाक्याला ‘आवाजाला’ हवे आहे. चिन्हांच्या आत प्रत्यय बदलता येत नाही, कारण तो शब्द आता आपला नाही. अशा वेळी ‘“तिच्याच आवाजात” या शब्दांना’ असे लिहावे. ‘हा शब्द’, ‘ही ओळ’, ‘हा चरण’ यांनी प्रत्ययाचा भार उचलला की कवीचा शब्द जसाच्या तसा राहतो. नाही तर वाक्याची रचना अशी फिरवावी, की मूळ रूपच तिथे चपखल बसेल.

आपल्या परंपरेत या कामाचा थोर नमुना आहे. कालिदासाच्या महाकाव्यांवर आणि ‘मेघदूता’वर टीका लिहिणारा मल्लिनाथ श्लोकातले शब्द गद्याच्या क्रमाने उचलतो आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच शब्दाच्या विभक्तीत देतो. त्यामुळे कवीचे शब्द आणि टीकाकाराचे शब्द एकाच वाक्यात, एकाच अन्वयात चालतात. मुळात आधार नाही असे काही लिहिणार नाही आणि गरजेचे नाही असे काही सांगणार नाही, असा संकल्प त्याने टीकेच्या आरंभीच केला आहे. साहित्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो मनाशी धरावा.

‘म्हणतो’ या क्रियापदाबद्दलही सावध असावे. कोण म्हणतो, हा प्रश्न आधी विचारावा. ‘नटसम्राट’मधली स्वगते शिरवाडकरांनी लिहिली, पण ती बोलतात गणपतराव बेलवलकर. १९६३ च्या ‘कोसला’त बोलतो तो पांडुरंग सांगवीकर. त्याचे वाक्य ‘नेमाडे म्हणतात’ असे लिहून उद्धृत केले, तर निवेदक आणि लेखक यांच्यातले अंतर पुसले जाते, आणि कादंबरीचे बरेचसे मर्म त्या अंतरातच असते. शिवाय माणसे नुसती म्हणत नाहीत. ती विचारतात, बजावतात, कबूल करतात, टाळतात. नेमके क्रियापद सापडले, की अर्धे विवरण तिथेच होते.

शेवटी अचूकपणा. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक सगळ्या गाथांमध्ये सारखे नाहीत, म्हणून क्रमांकाबरोबर कोणती गाथा हेही लिहावे. ज्ञानेश्वरीचा राजवाड्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेला पाठ आणि इतर प्रतींतला पाठ यांत शब्दांचे भेद आहेत. अध्याय आणि ओवी यांच्या जोडीला प्रत सांगितली नाही, तर वाचकाला भलताच शब्द सापडेल. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, पण केशवसुतांच्या जुन्या आवृत्तीत ते आहेत. त्या आवृत्तीवरून ओळ घेत असाल तर ते तसेच ठेवावेत. मधले शब्द गाळले तर तीन टिंबे द्यावीत, आपला शब्द घातला तर चौकोनी कंस करावा. अभंगाचा एखादाच चरण घेताना यमकाचा जोडीदार मागे राहतो आणि नादाची अर्धी बाजू नाहीशी होते. मुद्दा नादाचा असेल, तर दोन्ही चरण घ्यावेत.

इतकी काळजी कशासाठी? कवितेबद्दलचे आपले मत वाचकाने केवळ आपल्या शब्दावर मान्य करावे, अशी अपेक्षा धरता येत नाही. आपण जे शब्द पाहून त्या मताशी आलो, तेच शब्द त्याच्यासमोर ठेवले, तर तो आपला माग काढत येऊ शकतो आणि वाटेत कुठेही थांबून ‘मला इथे वेगळे दिसते’ असे म्हणू शकतो. नीट मुरलेले अवतरण वाचकाला असहमत होण्याचा हक्क देते. समीक्षा हा संवाद होतो तो या हक्कामुळे.

या आठवड्याचा सराव : स्वतःच्या जुन्या निबंधातला एक परिच्छेद घ्या आणि त्यातली अवतरणे झाकून वाचा. काहीच अडले नाही, तर ती अवतरणे अजून वाक्यात आलेली नाहीत. त्यातला एकच शब्द निवडा आणि तो नसता तर काय बिघडले असते, हे दोन वाक्यांत लिहा. पुढच्या लेखांकात अवतरण न देता, आपल्या शब्दांत आशय सांगण्याची रीत पाहू.