डीएपीची गोणी महाग, पण स्फुरद मक्याच्या मुळापर्यंत पोहोचते का?

खरीप तोंडावर आला की डीएपीच्या गोणीसाठी धावाधाव सुरू होते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे एक-दोन एकर कोरडवाहू किंवा बटाईच्या जमिनीवर मका घेतात. गोणी उधारीवर येते आणि तिचे पैसे मका विकून फेडावे लागतात. म्हणून आपण विचारले पाहिजे की, त्या गोणीतले किती स्फुरद पिकाला मिळते?

पहिल्या हंगामात पीक घातलेल्या स्फुरदापैकी साधारण १५ ते २५ टक्केच उचलते. बाकीचे बहुतांश मातीत अडकून पडते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम त्याला धरून ठेवतो. शिवाय स्फुरद पाण्याबरोबर फारसे फिरत नाही. खताचा दाणा पडतो तिथून ते जेमतेम काही सेंटीमीटर सरकते. कोवळ्या मक्याची मुळे आखूड असतात आणि स्फुरदाची गरज तेव्हाच मोठी असते. रोपाची पाने जांभळट दिसली तर स्फुरद कमी पडत असण्याची शक्यता असते; मात्र थंडीतही असा रंग येतो.

मग काय करावे?

१) माती तपासा. शेतात आठ-दहा ठिकाणची २० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना द्या. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू आहे. स्फुरद भरपूर असेल तर खताची मात्रा कमी करता येते.

२) खत फेकू नका, पेरा. दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा टोकण करताना खत बियाण्याच्या बाजूला आणि खाली सुमारे ५ सेंटीमीटरवर पडू द्या. बियाण्याला चिकटून नको, उगवण बिघडते.

३) पूर्ण स्फुरद पेरणीवेळीच द्या. हप्ते पाडायचे ते युरियाचे. उभ्या पिकात वरून टाकलेले स्फुरद मुळापर्यंत क्वचितच जाते.

४) शेणखत वापरा आणि बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया करा. हे खताला पूर्ण पर्याय नाहीत, पण अडकलेले स्फुरद मोकळे व्हायला मदत होते.

५) डीएपीचा हट्ट नको. ५० किलो डीएपीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असते, तर तेवढ्याच सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ८ किलो स्फुरद आणि सोबत गंधक. गोणीचा नव्हे, स्फुरदाच्या किलोचा भाव काढा. गरजेपेक्षा जास्त स्फुरद घातले तर मक्याला जस्त कमी पडते, हेही लक्षात ठेवा.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीवरील निबंधात मांडले होते की, शेती परवडते की नाही हे केवळ जमिनीच्या आकारावर ठरत नाही. भांडवल आणि श्रम यांचे जमिनीशी प्रमाण जुळावे लागते. खताची गोणी हे आपले भांडवलच आहे. गावोगावच्या युवक मंडळांनी यंदा पेरणीआधी वस्तीतील प्रत्येक शेताचा मातीचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवावा. अहवाल वाचून समजावणारा एक तरुण प्रत्येक गावात असला, तरी अनेक घरांची उधारी हलकी होईल.